निळ्या पिंपातलं जुनं पाणी

३ मार्च

आलो एकदाचे! कीलुंगमध्ये, चौथ्या मजल्याच्या डोक्यावर पत्रा टाकून केलेल्या खोलीत. तैनानहून सामान आलं ते भिजूनच, पण मला त्याचं काही नाही. खोली स्वच्छ आहे, खिडकीला जाळी आहे, आणि दाराबाहेर ही एवढी ऐसपैस गच्ची. कठड्याला टेकलं की खाली बंदर दिसतं. आईची खाट मी खिडकीशी लावली, म्हणजे तिला बोटी दिसतील.

घरमालकीण लिएन आजी खालच्याच मजल्यावर एकट्या राहतात. वय पंच्याहत्तर, जीभ पंचविशीची. पहिल्या भेटीत त्यांनी माझी नोकरी विचारली नाही की नवऱ्याचं विचारलं नाही, विचारलं ते गुडघ्यांचं. मग देवळामागच्या झऱ्यावरून वीस लिटरचा कॅन भरून वर आणायला लावला. मी धापा टाकत पोचले तेव्हा टाळी वाजवून म्हणाल्या, "मिळाली गं बाई! तीन जणी बघितल्या, सगळ्या दुसऱ्या मजल्यावरच बसल्या." भाडं इतकं कमी सांगितलं की मी दोनदा विचारून घेतलं. अट एकच. गच्चीच्या कोपऱ्यात झाकणावर दगड ठेवलेलं एक निळं पिंप आहे, त्यात रोज थोडं झऱ्याचं पाणी घालायचं. ते त्यांच्या नवऱ्याचं, भाज्या वाढवायचं पाणी. तो आता नाही, पण पाणी सोळा वर्षांचं आहे, ते ओतायचं नाही.

दुसरी कुणी असती तर हसली असती. मी नाही हसले. आईचा तैनानला भाजीबाजाराच्या तोंडाशी गाडा होता. काळ्या, चक्रीफुलाच्या रसात शिजवलेली अंडी, टोफू, डुकराचे कान, बदकांच्या माना. तो रस चाळीस वर्षं कधी ओतला नव्हता. रोज उकळायचा, कमी झाला की वरून भर घालायची, बस. नोव्हेंबरात आईला अर्धांगाचा झटका आला, मी नऊ दिवस इस्पितळात तिच्या उशाशी होते आणि हंडा उकळायचं विसरले. परत आले तर त्यावर पांढरी बुरशी आणि आत अळ्या. मी नाकाला रुमाल बांधून तो मोरीत ओतला. त्या दिवसापासून आई बोललेली नाही आणि धड जेवलेली नाही. काल वजन केलं, सदतीस किलो. डॉक्टरांनी सांगितलंय, पस्तिसाच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

पण नवी जागा, नवी हवा. खाईल ती.

८ मार्च

मासळीच्या गोळ्यांच्या कारखान्यात सकाळची पाळी लागली. तिथे माशाच्या लगद्याच्या पांढऱ्या बादल्या फेकून देतात, त्यातल्या सहा मी घरी आणल्या. आईला लहानपणापासून आवडणारा एकच पाला, रताळ्याचा, आणि इथल्या बाजारातला पाला मला बघवत नाही, प्रत्येक पानाखाली गोगलगायीची लाळ. मला किळस जरा जास्तच आहे. आई म्हणायची, आमच्या आ-चिनला सासरी पाठवलं तर सासूलाही सात पाण्यांनी धुवून घेईल.

म्हणून मातीशिवाय, नुसत्या पाण्यात वाढवायचं ठरवलं. माती नाही म्हणजे किडे नाहीत. रीत सोपी आहे. बादलीच्या झाकणाला भोक पाडायचं, त्यात जाळीचा पेला बसवायचा, पेल्यात भाजलेल्या मातीचे गोळे आणि मधे रताळ्याच्या वेलाचा तुकडा. खाली पाणी आणि खताची दोन औषधं. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप, त्याच्या नळ्या सहा बादल्यांत सोडल्या की मुळांना श्वास मिळतो.

बादल्या घासता घासता दोन तास गेले. माशाचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो, सोडा, व्हिनेगर, ऊन (मिळालं तेवढं), सगळं करून पाहिलं. झाकणं कापताना अंगठा कापला. पहिली चूक लगेच झाली: खताची दोन्ही औषधं मी एकाच वाटीत कालवली आणि त्याचा चुन्यासारखा गाळ झाला. ती वेगवेगळी पाण्यात घालायची असतात. या वहीत चुका लिहून ठेवणार आहे, म्हणजे पुन्हा व्हायच्या नाहीत.

लिएन आजी खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. कामाच्या ओघात मी त्यांना आमच्या गाड्याचं आणि ओतलेल्या हंड्याचं सांगून टाकलं. त्यांच्या दिवाणखान्यातला फोटो मी आज पाहिला, नवरा गळाला लागलेला मासा हातात धरून हसतोय, पुढचा एक दात सोन्याचा. जेवायला आजी अजून दोन वाट्या मांडतात. फोटोपुढे उदबत्ती मात्र नाही. विचारावंसं वाटलं, पण एवढ्या लवकर कसं विचारायचं!

१९ मार्च

दुसरी चूक: बादल्या पांढऱ्या. उजेड आरपार जातो आणि आत शेवाळ धरतं. झाकण उचललं तर हिरवा, बुळबुळीत, शेंबडासारखा थर. हात घातला आणि कोपरापर्यंत शहारा आला. सगळ्या बादल्या बाहेरून काळ्या रंगवल्या.

तिसरी चूक: पाणी काठोकाठ भरलं होतं. वरची चार बोटं जागा मुळांना हवेसाठी मोकळी सोडायची असते. चौथी चूक सगळ्यात वाईट. पंप मी जमिनीवर, पाण्याच्या पातळीखाली ठेवला होता. परवा वीज गेली तसं पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरलं आणि पंप मेला. दोन दिवस मला पत्ताच नाही.

आज बघितलं तर मुळं कुजलेली. तपकिरी, चिकट, बोटांत धरली की साल निघून हातात येणारी. वास तुंबलेल्या मोरीचा. मोरीतलाच. मला तो हंडा आठवला आणि मी कठड्याशी जाऊन ओकले. मग तिथेच बसून रडले, कारण आज आईचं वजन छत्तीस भरलं.

लिएन आजी कशाबशा जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, अगं, मुळं कुजली म्हणून कुणी रडतं का? म्हाताऱ्याच्या पाण्यातलं पळीभर प्रत्येक बादलीत घाल आणि मग वरून भर घालत राहा. बदलू नकोस. तुला कळेल, तू रसवालीच्या घरची.

२१ मार्च

पिंपाचं झाकण पूर्ण काढलं. आजवर नुसतं सरकवून पाणी घालत होते.

दुधावर येते तशी जाड साय, राखाडी रंगाची. पळी लावली तर ती आत दबली आणि पळी काढल्यावर पुन्हा मिळून आली. खालचं पाणी काळंशार. वास घाण असेल म्हणून मी श्वास धरला होता, पण शेवटी घ्यावाच लागला. आणि वास घाण नव्हता. चक्रीफूल, सोया, लसूण. आमच्या हंड्याचाच वास, असं वाटलं, पण मला काय, आजकाल सगळीकडे तोच येतो.

पळीला एक लांब पिकलेला केस चिकटून आला. मी तो कागदाने पुसून टाकला, हात सात वेळा धुतले, आणि सहा बादल्यांत सहा पळ्या घातल्या. नवे तुकडे लावले. पंप आता विटांवर, उंच.

५ एप्रिल

आई जेवली!

पानं हातभर वाढली आहेत, जांभळट देठांची, तकतकीत. मुळं पांढरीशुभ्र. लसूण परतून पाला वाफवला आणि चमचा तिच्या ओठांना नुसता लावला. तिने तोंड उघडलं. वाटी संपवली. मग तिचा चांगला हात उचलून तिने वाटीच्या काठावर टकटक केलं, आणखी हवं म्हणून. मी भांडी घासताना मोठ्याने गात होते, खालून आजींनी काठीने छत वाजवलं.

आजींना परडीभर पाला दिला. त्यांनी घेतला नाही. दात नाहीत म्हणाल्या. परवाच त्यांना सुकवलेला चिवट माकूळ मासा चावताना मी पाहिलंय.

मी स्वतः अजून खाल्लेला नाही. तो केस डोळ्यांपुढून जात नाही.

२० एप्रिल

एकोणचाळीस किलो. आई दिवसातून चार वेळा पाला मागते, दुसऱ्या कशालाच तोंड लावत नाही. पाला खुडला की दुसऱ्या दिवशी तेवढाच फुटलेला असतो.

बादल्यांतलं पाणी दर पंधरवड्याला बदलावं असं सगळीकडे लिहिलंय. आमचं महिना झाला तरी तेच. तपकिरी, किंचित जाड, आणि आता त्यावरही साय धरायला लागली आहे. वर एक पातळ तेलकट तवंग. पाहिलं की घशाशी येतं. आज ठरवलं, बदलूनच टाकू. एक बादली ओढत मोरीपर्यंत नेली आणि तिरकी केली.

खोलीतून आवाज आला. आईचा. पाच महिन्यांनी.

ती म्हणाली, "ओतू नकोस, आ-चिन. एकदा ओतलंस तेवढं पुरे."

मी बादली जागेवर ठेवली. आईच्या कुशीत तोंड घालून खूप रडले, आनंदाने आणि लाजेनेही. तिच्या अंगाला ओल्या फडक्याचा वास येत होता.

२९ एप्रिल

आईची नखं कापत होते. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली पांढरा दोरा दिसला. चादरीचा असेल म्हणून चिमटीत धरून ओढला. आला. येतच राहिला. वीतभर, हातभर. ओला होता, थंड होता, आणि त्याला बारीक लव होती. आई खुदुखुदु हसत होती, गुदगुल्या होतात म्हणाली.

असली लव मी रोज सहा बादल्यांत बघते.

तो दोरा मी कागदात गुंडाळून खालच्या कचऱ्यात टाकून आले. बोटं साबणाने सोलून निघाली तरी त्याचा थंडपणा जात नाही. डॉक्टरांना काय सांगू? वजन बेचाळीस आहे, गाल भरलेत, बोलते आहे. ते माझंच डोकं तपासतील.

६ मे

पाण्यात रताळी धरत नाहीत. मुळं धरतात, पाला फुटतो, पण रताळं नाही. त्याला माती लागते. तरी तिसऱ्या बादलीचं झाकण आज मुळांनी वर उचललं होतं, आणि आत पाच रताळी एका देठाला लागलेली. चार लांबट आणि एक आखूड, जाड. गुलाबी सालीची. प्रत्येकाच्या टोकाला एक टणक, पिवळट पापुद्रा.

मी आखूड असलेलं कापलं. सुरी अर्ध्यात अडली. आत पिठूळ, ओला गर, आणि त्यात खुपसलेला एक दात. सोन्याचा.

ओकले. मग दात धुऊन रुमालात बांधून ठेवला.

७ मे

दात आजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो ओळखला. लाजल्या नाहीत की घाबरल्या नाहीत, चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "वर्षभर शोधत होते गं! मला वाटलं त्याने गिळला."

मग चहा ओतता ओतता सगळं सांगितलं, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलावं तसं. सहावं-सातवं वर्ष असेल पाण्याचं, तेव्हापासून म्हातारा दुसरं काही खाईना. तीन वर्षांपूर्वी पाय कोरडे राहीनात त्याचे, साल फुटायची, म्हणून तो पिंपात पाय सोडून बसायचा. मग गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. एक दिवस निघालाच नाही. दुखत नव्हतं म्हणे त्याला. गप्पा मारायचा. अलीकडे मारत नाही.

मी ओरडले, पोलिसांना का नाही सांगितलं, अंत्यविधी का नाही केला? त्या माझ्यावरच डाफरल्या. मेला असता तर केला असता! उदबत्ती लावायची ती मेलेल्यांना. आणि सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ओतलंच असतं ना? पन्नास वर्षं संसार केलेला माणूस मोरीत ओतू का मी? तू ओतलंस तेव्हा कसं वाटलं होतं, तूच सांग.

चहा मी प्यायले नाही. पाणी कुठलं होतं कुणास ठाऊक.

११ मे

पाला बंद केला. तीन दिवस तांदळाची पेज, अंडं, माशाचं सूप. आईने सगळं थुंकलं. सेहेचाळीसवरून एकोणचाळीस, तीन दिवसांत. पायांची साल पापडासारखी सुटते आहे आणि खाली मांस नाही, नुसती पांढरी लव, विणल्यासारखी. ती विचारते, माझं काय चुकलं, आ-चिन?

१२ मे

एक बादली ओतली. एकच. मोरीच्या जाळीवर मुळांचा गोळा अडकला, त्याने जाळी धरून ठेवली. बोटांनी धरतात तशी. खोलीत आई किंचाळली आणि तिचा चांगला हात लुळा पडला. मी धावत जाऊन जमिनीवरचं पाणी फडक्याने टिपून पुन्हा बादलीत पिळलं. केस, धूळ, सगळ्यासकट. गुडघ्यांवर बसून. एक थेंब सोडला नाही.

हात परत आला. पूर्ण नाही. तीन बोटं.

१६ मे

पाला पुन्हा सुरू. बेचाळीस. पाय बादल्यांतलं पाणी घातलेल्या टबात ठेवले की ती शांत असते. टबातल्या पाण्यावर आज साय धरली.

पाचवी चूक लिहायची राहिली. पाणी वेळेवर बदललं नाही. पण ही चूक मी कुठली मानू — पहिली हंडा ओतला ती, की दुसरी पाणी ओतलं नाही ती —

२३ मे

नवं पिंप आणलं. निळं मिळालं नाही, हिरवं आहे. आजींनी जागा दाखवली, त्यांच्या पिंपाशेजारी, पत्र्याखाली. म्हणाल्या, दोघांना सोबत होईल.

आईला उचललं तेव्हा ती जड लागली. जड आणि ओली, धुतलेल्या गोधडीसारखी. माझ्या मानेवर तिच्या बोटांची लव लागत होती. मी श्वास धरून ठेवला. स्वतःच्या आईला उचलताना मी श्वास धरून ठेवला.

बादल्यांतलंच पाणी घातलंय, गळ्याच्या चार बोटं खालपर्यंत. हवेसाठी.

३० मे

कामावर जात नाही. झऱ्याच्या रोज आठ खेपा.

आई म्हणते, आता पाणी चांगलं लागतं का चाखून बघ. गाड्यावर रोज बघायचीस तसं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "माझीसुद्धा किळस येते होय गं तुला?"

करंगळी बुडवली. जिभेला लावली.

तोच. आमचाच रस. चाळीस वर्षांचा. एक कण कमी नाही. मी तिथेच पिंपाला धरून — किती पळ्या प्यायले ते —

२ जून

गुडघे धरले. दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. मोजे काढले तर आत ओलं. अंगठ्याच्या नखाखाली —

ओढला नाही.

बाकी कशाला चव नाही. पेज थुंकली.

५ जून

आज किळस आली नाही. सकाळपासून वाट पाहतेय. साय हाताने बाजूला केली, हात धुतले नाहीत, तरी नाही आली. याचीच भीती वाटते — फक्त याची —

आई हसते आहे. हनुवटीपर्यंतच आहे आता. म्हणते पाय दुखत असतील तर सोड ना आत, जागा आहे.

८ जून

बरं वाटतं. आईच्या पिंपात गुडघ्यापर्यंतच आहे. वही कठड्यावर ठेवून लिहिते. दोन्ही पिंपांत पाणी कमी झालंय आणि आणायला कुणी नाही. आईचं तोंड कोरडं पडलं, ती बोलत नाही. सकाळपासून बोलली नाही. आई बोलत नाही.

आजी वर आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून खोलीची जाहिरात कागदावर मला लिहून द्यायला सांगितलंय, खाली देवळाच्या फळ्यावर लावणार. लवकर लिहायला हवं. बोटं पेनला चिकटून —

खोली भाड्याने देणे आहे. स्वच्छ. बंदर दिसतं. भाडं अगदी कमी. गुडघे धड असलेली बाई हवी. आई बरोबर असल्यास उत्तम. जुनं काही ओतून न देणारी, एकदा ओतलं असेल आणि त्याचं अजून वाईट वाटत असेल अशी